एकोणतीस दोषांचं घर

प्रताप आणि नीतानं घर घेतलं ते २०२१ साली, जर्मनीत घर मिळणं हे लग्न जमण्याहून अवघड होतं तेव्हा. वाल्डॉर्फपासून बसनं वीस मिनिटांवरचं गाव, भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या सहा घरांपैकी चौथं, १९७४ सालचं बांधकाम. ते बघायला एकाच शनिवारी चौतीस कुटुंबं आली होती. मालकीणबाईंनी सगळ्यांकडून फोटोसकट पत्रं मागवली. आपण सिगारेट ओढत नाही, मोठ्यानं बोलत नाही आणि बागकामाची फार आवड आहे, असं प्रतापनं लिहून दिलं. त्यातली पहिली गोष्ट खरी होती.

घर मिळालं आणि माणूस बदलला. सॉफ्टवेअर कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारा प्रताप शनिवार उजाडला की बाउमार्क्टमध्ये, म्हणजे हातोडीपासून बाथटबपर्यंत सगळं मिळणाऱ्या त्या अवाढव्य दुकानात, हरवून जायला लागला. दिवाणखान्यातलं जुनं कार्पेट उपटून त्यानं व्हिडिओ बघत बघत लाकडी फ्लोअरिंग बसवलं. त्याला सात शनिवार आणि कमरेचा एक पट्टा लागला. फोडणीचा धूर बाहेर जावा म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडून दणकट पंखा लावला. खिडक्यांवरची गुंडाळी शटरं मोबाइलवर चालतील अशी केली. ती चालायचीही, फक्त कधी चालायचं ते त्यांचं ती ठरवायची.

"घराची किंमत दीडपट झाली असेल आता," प्रताप म्हणायचा.

"कमरेची धरून का?" नीता विचारायची.

तीन वर्षांनी नीताला दूरच्या येना शहरातल्या एका लेन्स बनवणाऱ्या कंपनीत विभागप्रमुखाची नोकरी मिळाली. अशी संधी सोडणं शक्य नव्हतं. घर विकायचं ठरलं. मध्यंतरी कर्जाचं व्याज एक टक्क्यावरून चारावर गेलं होतं आणि हीटिंगच्या नव्या नियमांनी सगळे गोंधळले होते. ऊर्जेच्या दाखल्यावर घराला 'जी' श्रेणी मिळाली, म्हणजे काठावर नापास. तरी प्रतापनं दलालाचं कमिशन वाचवायला स्वतःच जाहिरात टाकली आणि चौतीस कुटुंबांना चहा पुरेल एवढे कप काढून ठेवले.

दोन आठवड्यांत तीनच गिऱ्हाइकं आली. पहिल्यानं भिंतींची जाडी मोजली आणि दुःखी चेहऱ्यानं हात मिळवून गेला. दुसऱ्या बाईंनी पंख्यापाशी उभं राहून, हा वास कायमचा आहे का, असं विचारलं. तिसरं जोडपं कॉफी पिऊन, केक खाऊन, घर खरं तर त्यांच्या बहिणीला हवं आहे आणि ती हँबुर्गला राहते, असं सांगून निघालं.

नेमके याच सुमारास प्रतापचे वडील, आत्माराम, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले. बांधकाम खात्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून त्यांनी चौतीस वर्षं शाळांच्या आणि दवाखान्यांच्या इमारती तपासल्या होत्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीच्या, म्हणजे प्रतापच्या मुलीच्या, खेळण्यांच्या डब्यातली एक गोटी दिवाणखान्याच्या मध्यभागी ठेवली. गोटी खिडकीकडे निघाली.

"प्रताप, ही पळतेय का?"

"बाबा, इकडे जमीन जरा उताराचीच असते."

"घरातली?"

तळघरात ओलीचा मोठा डाग होता. प्रतापनं त्याच्यापुढे पुस्तकांचं कपाट सरकवलं होतं. बाबांनी ते एकट्यानं परत बाजूला केलं.

"अहो बाबा, लोक बघायला येतात," प्रताप म्हणाला.

"म्हणूनच. ओल झाकली की वाढते. आणि घर घेणारा माणूस आयुष्याची पुंजी ओततो."

"इथं मार्केट पडलंय. जरा बरं दिसायला नको का?"

बाबा वही काढून, पट्टीनं रेघा मारून लिहीत बसले. प्रतापला वाटलं, खर्च लिहितायत.

पुढच्या रविवारी वाइगेल नावाचं जोडपं आलं. हेर, म्हणजे श्रीयुत, वाइगेल निवृत्त माणूस, उंच आणि खांद्यात वाकलेला. जन्मभर लिफ्टांची तपासणी केलेला. त्यांच्या पत्नी फ्राऊ वाइगेल कमी बोलायच्या आणि सगळ्या कपाटांची दारं उघडून बघायच्या. प्रताप दिवाणखान्यातल्या उजेडाचं कौतुक करत होता, आणि तेवढ्यात चारही शटरं एकदम खाली आली.

मिट्ट काळोख झाला. प्रताप खिशातला मोबाइल चाचपत असताना सोफ्याच्या बाजूनं बाबांचा शांत इंग्रजी आवाज आला, "दोष क्रमांक अकरा."

अंधारातच हेर वाइगेल म्हणाले, "आणि पहिले दहा?"

शटरं वर गेली तेव्हा बाबा वही पुढे करून उभे होते. इंग्रजीत, तक्त्यात: दोष, जागा, संभाव्य कारण, उपाय. एकूण सव्वीस. प्रतापनं नीताकडे पाहिलं. नीता खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते.

त्यानंतरचे तीन तास घराचा मालक कोण हे कोणाला सांगता आलं नसतं. दोन म्हातारे टॉर्च घेऊन तळघरापासून माळ्यापर्यंत फिरले. जिन्यातल्या भेगेवरून त्यांचं वाजलं. बाबांच्या मते पाया खचला होता, हेर वाइगेलच्या मते नुसतं प्लास्टर सुटलं होतं. वाद मिटवायला हेर वाइगेल जिन्यात आडवे झाले आणि कानानं भिंत ऐकू लागले. शिवाय बाबांच्या यादीत नसलेले तीन दोष हेर वाइगेलना सापडले. बाबांनी ते मुकाट्यानं वहीत चढवले, पण संध्याकाळी जेवताना दुसरी पोळी घेतली नाही. आपल्या नजरेतून तीन सुटले, हे त्यांना लागलं होतं.

जाताना हेर वाइगेल प्रतापला म्हणाले, "आम्ही अकरा घरं पाहिली. सगळीकडे मालक सांगतो, सगळं उत्तम आहे. घरी जाऊन मला झोप लागत नाही. या घरात काय वाईट आहे ते मला पक्कं माहीत आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर," प्रताप पडेल आवाजात म्हणाला.

फ्राऊ वाइगेलनी एवढंच विचारलं, "तो स्वयंपाकघरातला पंखा इथंच राहणार ना? मी मासे तळते."

किंमत ठरली ती घेताना दिली त्याहून थोडी कमीच. प्रताप दोन दिवस फुरंगटून बसला. "तीन वर्षं राहिलो की आपण त्यात," नीता म्हणाली. "हॉटेल असतं तर?"

जर्मनीत घराचा करार नोटारपुढे, म्हणजे नोटरीपुढे, होतो आणि नोटारला तो पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो. हेर वाइगेलच्या आग्रहानं दोषांची यादी, जर्मन भाषांतर करून, कराराला जोडली होती. नोटारबाईंनी सत्यनारायणाच्या पोथीच्या लयीत एकेक दोष वाचायला सुरुवात केली. प्रताप मान खाली घालून बसला. यादी त्यानं रागानं कधी उघडलीच नव्हती. भाषांतर नीतानं करून घेतलं होतं.

"क्रमांक सात. दिवाणखान्यातील फ्लोअरिंगला खिडकीच्या दिशेनं आठ मिलिमीटर उतार. फ्लोअरिंग मालकानं स्वतः बसवलेलं. सर्व दोनशे बारा सांधे तपासले. एकही सांधा उघडा नाही. काम अत्यंत स्वच्छ."

प्रतापनं मान वर केली. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. गुडघे दुखतात म्हणून जमिनीवर बसणं टाळणारा हा माणूस ओणवा होऊन ते सांधे मोजत केव्हा फिरला, ते घरात कोणालाच कळलं नव्हतं.

बाहेर पार्किंगमध्ये त्यानं विचारलं, "बाबा, दोषांच्या यादीत ते कशाला लिहिलंत?"

"जे नीट आहे तेही लिहायचं असतं," बाबा म्हणाले. "नाहीतर रिपोर्ट अपुरा राहतो." मग गाडीत बसता बसता, "उतार मात्र आहेच."

येनाला त्यांनी तिसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट घेतला. प्रतापनं जाहीर केलं की आता तो खिळासुद्धा ठोकणार नाही. पहिल्याच महिन्यात बाथरूमचा दिवा गेला, तेव्हा त्यानं रीतसर हाउसमायस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाला, फोन केला. नऊ दिवसांनी तो आला, शिडीवर चढला. प्रताप खाली उभा राहून त्याला वायर कुठून घ्यावी ते सांगू लागला. दहा मिनिटं हाउसमायस्टरनं ऐकून घेतलं. मग तो खाली उतरला, स्क्रूड्रायव्हर प्रतापच्या हातात दिला आणि नीताला विचारून स्वतःसाठी कॉफी घेतली.