पाळीव प्राणी: निरंक

पाळीव जनावरांच्या मोजणीचं काम मला दोन महिन्यांसाठी मिळालं, तेव्हा साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "जिथं जनावरं जास्त, तिथं दवाखाना राहील. नीट मोजा, बाई." ते मी ऐकलंच नव्हतं, असं मला म्हणता येणार नाही.

टेकडीवरच्या बंगल्यांत काम सोपं होतं. बेल वाजवायचा अवकाश, कुत्रंच आधी दाराशी हजर. मालकीणबाई नाव, वय, लसीची तारीख हौसेनं सांगायच्या. एकीनं तर टाकीतल्या माशांचीही नावं लिहून घ्यायला लावली. खाली आमच्या गल्ल्यांत सगळे भाडेकरू, आणि प्रत्येक घरमालकाची एकच अट: जनावर चालणार नाही. दार चार बोटं उघडायचं.

"आमच्याकडे कसलं जनावर हो!"

आतून म्याव ऐकू यायचं.

"धाकटी आहे. सर्दी झालीये तिला."

हसू दाबून मी 'निरंक' लिहायची. रोज सकाळी देवापुढे हात जोडून मी म्हणते, आज माझ्या हातून कुणाचं वाईट होऊ देऊ नकोस. कुणाचं छप्पर माझ्या पेनानं जाऊ नये, म्हणून मी बेचाळीस घरांत खोटं लिहिलं, आणि रात्री शांत झोपले.

त्यातलं शेवटचं घर शिंपीकाकांचं. एकच खोली, खिडकीशी शिलाई मशीन, मशीनखाली चिंध्यांवर त्यांची अकरा वर्षांची कुत्री, बटण. तिची मूत्रपिंडं थकली होती. एक दिवसाआड कोपऱ्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यात सलाईन लावलं, तरच ती खायची.

"काका, ही दिसतेय मला."

"कोण? पायपुसणं आहे ते."

पायपुसण्यानं शेपूट हलवली.

"लिहू नकोस गं पोरी. या वयात मला दुसरी खोली कोण देणार?"

मी लिहिलं, निरंक.

मोजणी संपल्यावर महिन्याभरात आकडे जाहीर झाले. वर घरटी दीड कुत्रं. खाली तीनशे बारा घरांत अकरा जनावरं, त्यातला एक पोपट. कोपऱ्यावरचा दवाखाना उचलून टेकडीवर नेला.

बसमध्ये कुत्रं घेत नाहीत. काका बटणला कापडी झोळीत घालून दोनदा चढण चढले. तिसऱ्यांदा वाटेत बसले, ते उठेचनात. दूधवाल्यानं दोघांना गाडीवरून घरी आणून सोडलं.

मी साहेबांकडे गेले. "चूक माझी आहे, साहेब. खोटं मी लिहिलं."

ते रागावले नाहीत. "मग त्या घरांच्या सह्या आणा. पत्त्यासकट."

पुन्हा बेचाळीस दारं. "आधी तुम्हीच निरंक लिहिलंत, आता सही मागता होय?" एकीनं सुनावलं. सही कुणीच केली नाही. काकांनी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून बसले.

"केली तर खोली जाते. नाही केली तर ही जाते."

"तुमच्या एकट्याच्या सहीनं दवाखाना परत येणार नाही, काका."

त्यांनी पेन परत दिलं. "मग वर कुणाकडे तरी ठेव तिला. तू तर सगळ्यांना ओळखतेस."

टेकडीवरच्या त्या टाकीतल्या माशांवाल्या बाईंनी लगेच हो म्हटलं. बटणला न्यायला गेले, तेव्हा काका मशीनवरून उठले नाहीत. "पसरट भांड्यातूनच पिते, सांग त्यांना," एवढंच म्हणाले.

आठवड्यानं मी त्यांच्याकडे बसले असताना घरमालक गळका नळ बघायला आला. जाताना त्यानं सहज मशीनखाली वाकून पाहिलं.

"बटण कुठं गेली?"

मशीनच्या पायडलवरचा काकांचा पाय थांबला. "तुम्हाला माहीत होतं?"

"चार वर्षं झाली की. भुंकत नाही, घाण करत नाही. म्हटलं, राहू दे. अट काय, सगळ्यांनाच घालावी लागते." तो चप्पल घालत म्हणाला, "आणा की परत."

"दवाखाना वर आहे," काका म्हणाले.

ते सुईत दोरा ओवायला लागले. तीनदा हुकला. मी हात पुढे केला, तर त्यांनी सुई दिली नाही.