फक्कीच्या भिंती

स्वतःच्या नकाशांबद्दल गंधालीला शंका म्हणून येत नसे. पुण्यात सहा वर्षं दुसऱ्यांच्या नावाच्या इमारती काढून ती जालन्याला परतली होती, आणि टेंभुर्णीच्या कारभारीभाऊंची वाइनरी हे तिच्या स्वतःच्या नावाचं पहिलं काम होतं. तीही शेतात नाही, भर शहरात. मागे द्राक्षं उतरवायची जागा, मधे स्टीलच्या टाक्या आणि रस्त्याला लागून वाइन चाखायची खोली.

सगळं जमलं होतं, अडलं होतं एका सहीवर. प्लॉट कारभारीभाऊंच्या आईच्या, साळूबाईंच्या नावावर होता. त्यांनी साफ सांगितलं होतं, "दारूच्या घरात मी पाय ठेवणार न्हाई, आन् सही तर बिलकुल न्हाई." सही नाही म्हणजे मंजुरी नाही, आणि मंजुरी नाही तर गंधालीचं पहिलं काम गुंडाळीतच राहणार.

कारभारीभाऊंनी त्यावर उपाय काढला होता. "मॅडम, ती चाखायची खोली मागं लपवा. काळ्या काचा लावा. माय पण गप, पाव्हणे पण गप."

"भाऊ, लपवलं की लोकांना ते चोरीचंच वाटणार," गंधाली ठामपणे म्हणाली. "काच लावीन ती स्वच्छ, आणि रस्त्याकडेच."

कागदावरच्या रेघांनी साळूबाई बधणार नाहीत हे ओळखून तिने अख्खी इमारत प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने आखून घेतली. जिथे भिंत तिथे पांढरी रेघ, जिथे दार तिथे रेघेला खंड. फेब्रुवारीतल्या एका सकाळी हंगामाची पहिली क्रेटं घेऊन नाशिककडे निघालेला पिकअप तिथे थांबला. कारभारीभाऊ उतरले. साळूबाई केबिनमध्येच बसून राहिल्या. त्यांनी खिडकीतून रेघा निरखल्या आणि एकच विचारलं, "पोरी, माल कुठून येणार?"

"मागच्या बोळातून, आजी. पुढे गिऱ्हाइकांना गाड्यांची अडचण नको."

"बोळातून?" साळूबाई दार उघडून खालीच उतरल्या. "बावीस वर्सं बाग सांभाळली म्या. पहिलं क्रेट घराच्या पुढच्या दारातून येतं, हळद-कुंकू लागतं, मंग वजन. आन् तू माझा माल मागून आणून राह्यली? चोरीचा हाय का?"

गंधालीचे कान तापले. कारभारीभाऊंना ऐकवलेला शब्द तिच्याच पदरात परत आला होता. वाइन उजळ माथ्याने रस्त्यावर आणायची आणि द्राक्षं मात्र कचऱ्याच्या वाटेने! एवढी चूक आपल्या नजरेतून सुटली याची तिला मनापासून लाज वाटली. पण लाजत उभं राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने शेजारच्या इमारतीच्या वॉचमनकडून खराटा मागून घेतला आणि पुढच्या रेघा पुसायला सुरुवात केली.

"मॅडम, महिन्याभराचा नकाशा!" कारभारीभाऊ ओरडले.

"चुकलेला होता, भाऊ. फक्कीचं घमेलं इकडे द्या जल्दी."

अर्ध्या तासात तिने क्रेट उतरवायचा ओटा पुढे आणला. त्याला खेटून चाखायची खोली, मधे नुसती काच. ग्लास हातात घेतलेल्या माणसाला समोर उतरणारी द्राक्षं दिसणार. खोली आधी होती त्यापेक्षा लहान झाली आणि आधीपेक्षा चांगली झाली, हे गंधालीला रेघ मारतानाच कळलं.

साळूबाई हे सगळं कमरेवर हात ठेवून बघत होत्या. मग त्यांनी पिकअपमधून एक क्रेट उतरवून घेतलं. रेघेला जिथे खंड होता तिथे चपला काढल्या. कनवटीच्या पुडीतलं हळद-कुंकू पहिल्या घडाला लावलं, क्रेट उचललं आणि आत जाऊन ओट्याच्या जागी ठेवलं. काचेच्या खुणेपलीकडे, म्हणजे चाखायच्या खोलीत, त्यांनी जरा नजर फिरवली. तिकडे जायला रेघेत सोडलेल्या वाटेने त्या गेल्या आणि मधोमध उभ्या राहिल्या.

आता बोललं तर बिघडेल हे गंधालीला पक्कं कळत होतं.

बोलायची घाई झाली ती कारभारीभाऊंना. सहीचा कागद आणि पेन घेऊन ते सरळ रेघ ओलांडून आईकडे धावले.

"ए कारभारी!" साळूबाई कडाडल्या. "भिंतीतून कुठं येतो? माघारी जा, दारातून ये. आन् चपला काढ."