एकावन्न अंशांची दुपार

मित्रांनो, क्षणभर कल्पना करा, तुम्ही काचेचे आहात, वीतभर उंच आहात आणि तुम्हाला जन्मभर एकच काम नेमून दिलं आहे: खरं सांगायचं.

मी एक जुना तापमापक आहे. एका कारागिराने काच फुंकून मला घडवलं, पोटात पारा भरला आणि मी या शाळेत आलो. अंगणातल्या पांढऱ्या, झडपांच्या पेटीत राहून तीस वर्षं हवा किती तापली ते सांगत आलो. पूर्वी माझे आकडे वहीत टिपायला मुलांची झुंबड उडे. पुढे कुणी फिरकेना. कोळ्यांनी माझ्या पेटीत संसार थाटला.

यंदा सातवीतली एक मुलगी रोज मला वाचू लागली. पण जग तापतंय, आता काही खरं नाही, अशी धास्ती तिने घेतली होती. "सावलीत बसून हा काय खरं सांगणार?" असं म्हणत तिने एका दुपारी मला भर उन्हात पत्र्याच्या भिंतीवर टांगलं. मी एकावन्न दाखवले. धाकट्या वर्गात बातमी पोचली आणि दोन पोरं रडू लागली.

विज्ञानाच्या बाई धावत आल्या. "अगं, हा पत्रा तापलाय. हवा सावलीतच मोजतात."

"म्हणजे काळजीचं कारण नाही?"

"असं कुठे म्हटलं मी? वहीतल्या जुन्या नोंदींशी तुझे आकडे ताडून बघ. आपल्या अंगणातला उन्हाळा सव्वा अंशाने वाढलाय. तेवढं खरं."

"मग रोज वाईट बातमी कशाला वाचायची? उद्यापासून मी नाही येणार."

मी हिरमुसलो. तेवढ्यात शिपाईमामा म्हणाले, "ताई, कोपऱ्यातल्या वर्गाच्या छपराच्या पत्र्यावर मी चुना फासलाय. तिथली पोरं पेंगत नाहीत, शेजारची पेंगतात. बाईंचा दोष म्हणावा, तर दोन्हीकडे बाई त्याच."

बाईही हसल्या. मुलीने मला दोन्ही वर्गांत नेलं, मधोमध टांगलं, दहा-दहा मिनिटं थांबली. चुन्याखाली चौतीस, नुसत्या पत्र्याखाली अडतीस. तिने दोनदा वाचून खात्री केली.

मित्रांनो, आम्हाला योग्य जागी ठेवा आणि मग आमचं ऐका. आम्ही सांगतो ते कधी कडू असतं, पण पुढे काय करायचं ते त्यातूनच कळतं.

त्या मुलीने आधी धाकट्या वर्गात जाऊन "एकावन्न ही माझी चूक होती" असं सांगितलं. मग दोन्ही आकडे कागदावर लिहून ती मुख्याध्यापकांच्या दारात उभी राहिली.

"सर, उरलेल्या चार वर्गांना चुना कधी लावायचा?"