उलटा चाललेला जवान

युद्ध सुरू झालं आणि आमच्या टॉफ्या खपेनाशा झाल्या. लोक तेल, पीठ, मेणबत्त्या भरून ठेवत होते; पोरांच्या खाऊकडे कोण बघतंय? साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "टॉफी खाणं हे देशकार्य वाटलं पाहिजे," ते म्हणाले. "लावा डोकं." जाहिराती लिहिणं हे माझं काम. लावलं डोकं. नको होतं लावायला, पण पगारी माणसाला तेवढी चैन परवडत नाही.

मी एक तक्ता केला. पायथ्याशी घर, वर शत्रूचा डोंगर, मधे चौकटींची वाट. टॉफी खायची, तिचा कागद चौकटीत चिकटवायचा आणि पुठ्ठ्याचा जवान एक घर वर सरकवायचा. खाली ओळ: 'तू टॉफी खा, जवान पुढे जाईल.' साहेबांनी खुर्चीतून उठून हात मिळवला. बघता बघता शाळाशाळांतून, वर्गावर्गात तक्ते लागले आणि कारखाना रात्रपाळीतही चालू लागला.

माझा धाकटा भाऊ तेव्हा खऱ्याखुऱ्या सीमेवर होता. त्याचा फोन यायचा बंद झाला तसा माझा जीव थाऱ्यावर राहीना. फोन उचलायचा, बघायचा, ठेवायचा, परत उचलायचा. माझी मुलगी, जिला तो भिंगरी म्हणतो, सारखी मागे मागे. भाजी चिरताना, वेणी घालताना, दाराला कुलूप लावताना एकच प्रश्न, "मामा कुठे आहे?" एकदा मी वैतागून बोलून गेले, "वर्गातला तक्ता बघ ना. जवान जिथे असेल तिथेच मामा." ती गप्प बसली. मला हायसं वाटलं. आपल्या जाहिरातीने आपलंच पोर गप्प केलं म्हणून थोडी ऐटही वाटली, खोटं कशाला बोलू.

मग परवा शाळेतून बोलावणं आलं.

वर्ग रिकामा होता. भिंगरी पहिल्या बाकावर बसली होती, नखांत वाळलेला डिंक. भिंतीवरच्या तक्त्याच्या, तळची एक सोडून, सगळ्या चौकटी ओरबाडलेल्या होत्या. आणि जवान पार खाली, घराच्या दाराजवळ उभा होता, घराकडे तोंड करून.

"मधल्या सुट्टीत रोज थोडे थोडे कागद काढत होती," वर्गाच्या बाई म्हणाल्या. "आज सापडली. मुलं तिला फितूर म्हणतायत. उद्या प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर माफी मागू दे, म्हणजे विषय मिटेल. तुम्ही तर त्याच कंपनीतल्या, तुम्हाला मी काय सांगणार?"

"का काढलेस गं?" मी विचारलं.

"मामाला घरी आणत होते. तूच म्हणालीस ना, जवान असेल तिथे मामा? कागद लावला की तो पुढे जातो. मग काढला की मागे येणारच. एकच चौकट राहिली होती, तेवढ्यात बाईंनी पाहिलं."

मी उठले, बसले, पुन्हा उठले. पोरीला माफी मागायला लावावी, नोकरी सांभाळावी, साहेबांच्या कानावर जाऊच देऊ नये, सगळं मनात येऊन गेलं.

"ती माफी मागणार नाही," मी म्हणाले. "हा तक्ता माझा आहे. माल खपावा म्हणून केलेला. टॉफी खाऊन कोणी पुढे जात नाही की मागे येत नाही. उद्या प्रार्थनेनंतर मीच येऊन मुलांना सांगते."

बाई टेबलावरचा खडू इकडचा तिकडे करत राहिल्या. बोलली ती भिंगरीच.

"म्हणजे मामा दाराशी नाही आला?"

"नाही बाळा."

"मग कुठे आहे?"

"मला माहीत नाही. त्याचा फोन लागत नाही." इतके दिवस हे वाक्य मी कुणापुढे काढलं नव्हतं. काढलं आणि मला रडू आवरेना.

ती तक्त्याकडे बघत राहिली. मग तिने दप्तर बाकावर उपडं केलं. पुस्तकांबरोबर टॉफ्या घरंगळल्या. मी कारखान्यातून आणून रोज तिच्या डब्यात ठेवलेल्या. एकही सोललेली नव्हती.

"तो पुढे जाऊ नये म्हणून मी खाल्ल्याच नाहीत गं," ती म्हणाली. "एकसुद्धा नाही खाल्ली."