गेणभाऊंचं अनुमोदन

खुर्ची प्लास्टिकची होती म्हणून गेणभाऊ वाचले. लोखंडी असती तर त्याच बैठकीत शोकप्रस्ताव घ्यावा लागला असता, आणि त्याला अनुमोदन द्यायला माणूस मिळाला नसता.

खुर्चीचा पाय कपाळावर बसला, किटली हातातून सुटली आणि मारुतीच्या सभामंडपातली सतरंजी चहाने भिजली. रक्त आधी डोळ्यात आलं, मग मिशीत. खुर्ची फेकणारे धर्माजी, म्हणजे गेणभाऊंचे सख्खे थोरले भाऊ, दुसरी खुर्ची उचलत होते.

"घरच्याच माणसानं माझी मान कापली," धर्माजी म्हणाले.

"मी काय केलं, दादा?" गेणभाऊंनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

गेणभाऊ ग्रामपंचायतीचे शिपाई. सकाळी पाण्याचे व्हॉल्व्ह सोडायचे, सभेची नोटीस घरोघर फिरवून सह्या आणायच्या, ग्रामसभेत चहा द्यायचा. याखेरीज आणखी एक काम बावीस वर्षं त्यांच्याकडे होतं, आणि ते कुठल्याच कागदावर नव्हतं. ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सूचक मिळतो, कारण ज्याचं काम अडलेलं असतं तो बोलतोच. अनुमोदक मात्र आमच्याकडे मिळत नाही. दुसऱ्याच्या ठरावाला मान डोलावली की तिसऱ्याच्या डोळ्यावर येतं, मग रातोरात बांध कोरला जातो नाहीतर पोरीच्या लग्नाला अर्धी भावकी फिरकत नाही. एका जुन्या ग्रामसेवकाने याला वैतागून एकदा विचारलं होतं, "गेणभाऊ, तुम्ही या गावचे मतदार ना?" हे म्हणाले, "हाय की." "मग म्हणा, माझं अनुमोदन." शिपायाचं कुणाशी वैर नसतं, त्यामुळे सगळ्यांनाच हायसं वाटलं.

तेव्हापासून हा रिवाज पडला. वाचन थांबलं आणि सगळं गाव आपापल्या नखांकडे बघायला लागलं की गेणभाऊंनी असतील तिथून, बहुधा किटलीमागून, म्हणायचं, "माझं अनुमोदन." ठरावात काय आहे ते त्यांनी कधी ऐकलं नाही. ते फक्त शांततेवर कान ठेवून असत. त्यांच्या अनुमोदनावर शाळेची भिंत उभी राहिली, दोन विहिरी झाल्या, एक दारूचं दुकान बंद झालं आणि तीन वर्षांनी, पुन्हा त्यांच्याच अनुमोदनावर, ते उघडलं.

आज दोन ऑक्टोबर. विषय क्रमांक सहा होता ओढ्यापलीकडच्या वस्तीकडे जाणारी पाणंद, म्हणजे शेतांमधली जुनी वाट, मोकळी करण्याचा, आणि सूचक होता सुभाष. सुभाष काही संत नव्हे. त्याची पोल्ट्री पलीकडे होती आणि त्याला कोंबड्यांचा ट्रक दारापर्यंत न्यायचा होता. पण पाणंद गावच्या नकाशावर बारा फुटी आहे, हे तो बोलला ते खोटं नव्हतं. जमिनीवर मात्र ती उरली नव्हती. धर्माजींनी दर वर्षी नांगराचं एकेक तास पुढे सरकत ती शेतात घेतली होती आणि आता तिथे त्यांचा ऊस डोक्याच्या वर गेला होता. अनुमोदन द्यायला कोण तोंड उघडतो हे बघायला धर्माजी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले होते. सगळ्या गावाने नखं बघितली. मग किटलीमागून आवाज आला.

"झालं," सुभाष म्हणाला. "सूचक झाला, अनुमोदक बी झाला. मॅडम, लिवून घ्या."

मोहिनी मॅडम, म्हणजे आमच्या ग्रामसेविका, यांनी पेन टेकवलं आणि तेवढ्यात ती खुर्ची उडाली होती. पाठोपाठ धर्माजींचा मुलगा स्वराज उठला, त्याने माईकचा स्टँड उपटला आणि सुभाषच्या कानामागे घातला. माईक चालू होता. हाडावर बसलेला तो फटका देवळावरच्या कर्ण्यातून सगळ्या गावाने ऐकला. सुभाष गुडघ्यावर बसला, कान अर्धा लोंबत होता, आणि त्याच्या पोल्ट्रीवरच्या चार गड्यांनी स्वराजला पायाला धरून फरशीवरून ओढलं. टेबल मोहिनी मॅडमच्या मनगटावर पडलं. गांधीजींचा फोटो, सकाळीच हार घातलेला, कुणाच्या तरी बुटाखाली फुटला. सरपंच पायात चपला न घालता मागच्या दाराने गेले.

गडी स्वराजला लाथा घालत होते. पोटात, बरगडीत, तोंडावर. गेणभाऊ रांगत गेले आणि पुतण्याच्या अंगावर आडवे पडले. पुढच्या लाथा त्यांच्या पाठीत बसल्या.

"हलू नको," ते त्याच्या कानात म्हणाले. "मी हाय."

"व्हय बाजूला, भाडखाऊ," स्वराज खालून म्हणाला, आणि त्याने कोपर मारलं. गेणभाऊंचे पुढचे दोन दात गेले. या पोराला त्यांनी दोन वर्षं खांद्यावर बसवून बालवाडीत पोचवलं होतं. लाथांपेक्षा त्यांना ते कोपर जास्त लागलं.

ग्रामीण रुग्णालयात कपाळाला सहा टाके पडले. हवालदार जबाब घ्यायला आला.

"खुर्ची कुणी फेकली?"

"समोरनं आली. माणूस नाय दिसला."

"दात?"

"पडलो."

हवालदाराने तसंच लिहून घेतलं. सुभाषला पुण्याला हलवलं होतं आणि स्वराज बरगड्या मोडून पलीकडच्या वॉर्डात होता, त्यामुळे हवालदाराला इतरही पुष्कळ कागद करायचे होते.

थोड्या वेळाने धर्माजींची बायको कुशाबाई आली. गेणभाऊंची बायको नऊ वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. तेव्हापासून त्यांची दोन वेळची भाकर कुशाबाईच्या चुलीवर होत होती. दोन घरांमध्ये एकच भिंत, आणि आजारपणात कण्हलं तरी पलीकडे ऐकू जायचं. या एका घरापलीकडे गेणभाऊंचं जगात कुणी नव्हतं.

"लई दुखतंय का, भाऊजी?"

"न्हाई."

"तुमी पोलिसाला नाव नाय सांगितलं. कळलं मला." ती स्टुलावर टेकली. पलीकडच्या बाकावर मोहिनी मॅडम हात गळ्यात बांधून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर ठरावाचं बुक होतं, चहाने फुगलेलं, दोन पानं फाटलेली. कुशाबाईने आवाज खाली आणला. "आता येवढंच करा. बाईंना सांगा, सवयीनं बोललो, काय वाचलं ते ऐकलंच नव्हतं. खोटं बी न्हाई त्यात."

"न्हाई. खोटं न्हाई."

"मंग? तुमी न्हाई म्हणलात की ठराव पडतो. पुन्हा कुणाची मांडायची छाती व्हायची न्हाई. घरी चला, निजा. ह्यांचा राग चार दिसांचा." ती थांबली. पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. "आन न्हाई सांगितलंत तर ताट वाढायचं न्हाई, असं बजावलंय मला. त्यानंतर माझ्या तोंडून तुमच्याशी शब्द निघाला तर स्वराजची आण घातलीय. मी काय करू, सांगा."

मोहिनी मॅडमना ऐकू गेलं होतं. त्या उठून जवळ आल्या.

"गेणभाऊ, खरंच ऐकलं नव्हतं का तुम्ही? तसं असेल तर मला तसं लिहावं लागेल. अनुमोदक नाही म्हणून ठराव बारगळला, एवढी एक ओळ. मला संध्याकाळपर्यंत पंचायत समितीत कळवायचंय."

"न्हाई ऐकलं, मॅडम."

कुशाबाईने मोठा श्वास सोडला.

"बावीस वर्षांत एक बी नाय ऐकला," गेणभाऊ म्हणाले. दात गेल्यामुळे शब्द पातळ निघत होते. "ह्यो वाचा."

मॅडमनी पान सपाट केलं. "सदर पाणंद रस्ता बंद असल्यामुळे वस्तीवरील मुले शाळेसाठी उसातून ये-जा करतात. मागील महिन्यात कुमारी श्रेया, इयत्ता सहावी, ही शाळेतून परत जात असताना तिच्यावर बिबट्याने हल्ला केला. सबब, पाणंद रस्त्यावरील अतिक्रमण पोलीस बंदोबस्तात हटवून रस्ता मोकळा करावा, असा ठराव..."

पुढचं गेणभाऊंच्या कानात शिरलं नाही. त्या दिवशी उसात पहिले शिरले होते ते तेच. वस्तीवर नोटिशीच्या सह्या घेऊन परत येत होते आणि किंचाळणं ऐकू आलं. बिबट्याने पोरीला मानेला धरून अकरा सऱ्या आत ओढत नेलं होतं. गेणभाऊंच्या हातात सह्यांचं रजिस्टर होतं. तेच त्यांनी त्याच्या डोळ्यांवर हाणलं, तीनदा, चौथ्यांदा, आणि जनावराने पोरीला सोडून त्यांच्याकडे बघितलं. पोरीच्या मानेतून रक्ताची धार त्याच्या मिशांवर उडाली होती. तो वळून निघून का गेला हे त्यांना आजही सांगता येणार नाही. पोरीला उचलून ते ज्या जागेवरून पळत आले ती जागा नकाशावर रस्ता होती, आणि हे त्यांना त्या दिवशीही माहीत होतं. महिनाभर ते कुणाजवळ बोलले नव्हते, कारण ऊस दादाचा होता. श्रेया जगली. पण तिची मान आता वळत नाही. मागून हाक मारली की ती सगळी फिरते.

आपलाच राग आला गेणभाऊंना. महिनाभर रोज वहिनीच्या हातची गरम भाकर खाल्ली आणि गप्प बसलो, याचा.

"वहिनी," ते म्हणाले, "त्या दिशी मी पोरीला घिऊन बांधावर आलो, तवा मानेला बांधायला पदर कुणी फाडला?"

कुशाबाईने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

"तुमचा नवा व्हता पदर."

"तिची आई उज्ज्वला पाया पडली माझ्या," कुशाबाई कसंबसं म्हणाली. "म्हणाली, तुमीच वाचवली. मला तिच्या तोंडाकडं बघवंना, भाऊजी. कारण ऊस आमचा." मग तिने डोळे पुसले आणि आवाज कडक केला. "पण मला त्याच घरात राह्याचंय. तुमाला बी."

गेणभाऊ खाटेवर उठून बसले. बसताना पाठीतून कळ आली आणि त्यांनी ती जिरू दिली.

"मॅडम, लिवा. सूचक सुभाष. अनुमोदक मी. ऐकून दिलंय, असं बी लिवा."

"तसं लिहायची पद्धत नाही, गेणभाऊ."

"मंग नुसतं लिवा."

त्यांनी सही केली. अंगठ्यावरचं रक्त पानाला लागलं. कुशाबाई उठली, तिने स्टूल होतं तिथे भिंतीला लावून ठेवलं आणि ती गेली. दारापाशी ती क्षणभर थांबली होती, पण वळली नाही.

संध्याकाळी गेणभाऊ गावात आले तेव्हा त्यांचं सामान रस्त्यावर होतं. ट्रंक, दोन पातेली, बायकोचा फोटो. धर्माजी आपल्या दारात कुऱ्हाडीने त्यांची खाट फोडत होते. खाट बाभळीची होती, बापाच्या हातची, तुटायला वेळ लागत होता. गल्लीतली माणसं आपापल्या उंबऱ्यात उभी होती आणि कुणी पुढे येत नव्हतं. धर्माजींच्या तळहाताची साल निघाली होती तरी ते घाव घालत होते.

"दादा, हात फुटला तुझा," गेणभाऊ म्हणाले.

धर्माजींनी कुऱ्हाड वर धरली. ती कुठे पडणार हे काही वेळ त्यांनाही ठरवता आलं नाही. मग ती दाराच्या चौकटीत बसली, पात्यापर्यंत, आणि निघेना.

"मला भाऊ न्हाई," धर्माजी चौकटीला म्हणाले. "ह्या घराला भाऊ न्हाई." त्यांचा आवाज फाटला आणि ते तसेच आत गेले.

गेणभाऊंनी फोटो उचलला, काच झटकली, ट्रंक आपल्या घरात ओढली. दुकानातून बिस्किटाचा पुडा आणला आणि पाण्यात भिजवून हिरडीच्या एका बाजूने खाल्ला. भिंतीपलीकडे भांडी वाजत होती. कुणीतरी भाकरी थापत होतं, आणि थापताना मध्येच हात थांबत होता.

सकाळी सहाला ते डोक्याला पट्टी बांधून व्हॉल्व्हवर गेले. मॅडमनी रजा घ्या म्हणून सांगितलं होतं, पण पाणी कुणी सोडलं असतं. आमच्या आळीत नळांना तोट्या नाहीत. शेवटचं घर धर्माजींचं. कुशाबाई सगळी भांडी भरली की "झालं, भाऊजी" म्हणून ओरडायची, आणि ते ऐकल्यावरच गेणभाऊ व्हॉल्व्ह बंद करायचे. आधी कधी नाही.

कुशाबाईने पहिला हंडा भरला. दुसरा भरला. कळशी, बादली, जनावरांचं घमेलं. धर्माजी ओट्यावर हाताला फडकं बांधून बसले होते आणि समोर बघत होते. सगळी भांडी भरली. पाणी घमेल्यावरून सांडून गल्लीत आलं. कुशाबाई नळापाशी खाली मान घालून उभी राहिली. तिचे ओठ एकदा हलले आणि मिटले.

"अहो गेणभाऊ, पाणी वाया चाललंय," वरच्या घरातून कुणीतरी म्हणालं.

गेणभाऊ दोन्ही हातांनी व्हॉल्व्हची चावी धरून उभे होते. पाणी त्यांच्या पायापर्यंत आलं, चपलांखालून पुढे गेलं आणि चौकाकडे वळलं. ते आणखी थोडा वेळ थांबले. मग त्यांनी व्हॉल्व्ह आवळला आणि ते खालच्या आळीकडे निघाले.