मेलेलं लॉन

कुमुदताईंच्या मते दिल्लीच्या मयूर विहारमधल्या त्या मराठी सोसायटीत बिऱ्हाडं बेचाळीस होती आणि अक्कल फक्त तळमजल्यावरच्या त्यांच्या घरात. सरकारी उद्यान खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, मोठमोठ्या बंगल्यांच्या हिरवळी राखल्या होत्या. आणि आता त्यांच्या खिडकीसमोर सोसायटीच्या लॉनवर पाइप धरून उभा कोण, तर सेक्रेटरी जयेश. विमा कंपनीतला कारकुंडा.

त्याचा सगळाच आनंद होता. भर मे महिन्यात गवताचा पार चकोट करून टाकायचा, म्हणजे म्हणे सारखं कापायला नको. पाणी द्यायचं ते ऊन डोक्यावर आल्यावर. गवत पिवळं पडलं की वर मुठीमुठीनं युरिया. गवताचा वरचा तिसरा हिस्साच कापावा, पाणी सकाळी द्यावं आणि रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा खोल मुरू द्यावं, हे कुमुदताईंनी झोपेतही सांगितलं असतं. पण या दीडशहाण्यांना सांगायला जातंय कोण!

"अगं, एकदा बाहेर जाऊन सांग ना त्याला," त्यांचे यजमान विनायकराव म्हणायचे. गुडघ्यांमुळे त्यांचं फिरणं त्या लॉनपुरतंच उरलं होतं. थंडीत दुपारी तिथं खुर्ची टाकून ते शेंगा सोलत बसत.

"गाढवापुढे वाचली गीता. गरज असेल तर येईल विचारायला."

जानेवारीत तो खरंच आला. लॉन तोवर तपकिरी पडलं होतं.

"काकू, रविवारी मीटिंग आहे. काही लोक म्हणतात लॉन मेलंय, टाइल्स घालून पार्किंग करू. तुम्ही तर एक्सपर्ट. खरंच मेलंय का?"

दिल्लीच्या थंडीत हे गवत नुसतं झोपतं आणि होळीच्या सुमारास परत फुटतं. तीन वर्षं सेक्रेटरी असून या माणसाला एवढंही ठाऊक नव्हतं.

"तुला काय वाटतं?"

"मला तर मेल्यासारखंच दिसतंय."

"मग मेलंच असेल. तुझ्यासारख्या जाणकाराच्या हातून दुसरं काय होणार?"

"अच्छा," म्हणून जयेश मान खाली घालून गेला. टोमणा कळायलाही डोकं लागतं, असं पुटपुटत कुमुदताईंनी चहा टाकला. फार दिवसांनी त्यांना मनापासून बरं वाटलं.

मीटिंगला त्या गेल्या नाहीत. त्या बावळटांच्या बाजारात बसायचं कुणी? पार्किंग करायची यांची हिंमत होत नाही, येतील नाक घासत, अशी त्यांची खात्री होती.

फेब्रुवारीत एका दुपारी त्या बँकेतून परतल्या, तर लॉन खणून झालं होतं. वीतभर पट्टी तेवढी शिल्लक. विनायकराव उघड्या खिडकीत बसून बघत होते. कडेला जयेश उकिडवा बसला होता, हातात गवताचं ढेकूळ घेऊन. त्याच्या कांड्यांना हिरवे कोंब फुटले होते.

"काकू, हे तर जिवंत दिसतंय."

कुमुदताईंनी ते ढेकूळ त्याच्या हातातून घेतलं.

"मतं बरोबरीत पडली होती. शेवटचं मत माझं. मला लॉन ठेवायचं होतं, काकांसाठी तरी. पण तुम्हीच मेलंय म्हणालात. तुमच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? म्हणून मी टाइल्ससाठी हात वर केला."

तो टोमणा मारत नव्हता. तेवढी अक्कल त्याला नव्हतीच.

"मला माहीत होतं," कुमुदताई म्हणाल्या. "जिवंत आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं."

विनायकरावांनी आतून खिडकी लावून घेतली.