बिलावर नाव बहिणीचे

"बघूनच घेतली होती ना, मॅडम? मग आता कसली तक्रार?"

दुकानदाराने हे म्हणताना मानही वर केली नाही. त्याच्या काउंटरवर ॲल्युमिनियमच्या शिडीची निखळलेली पायरी पडली होती. मात्राबाईंनी ती पिशवीतून काढून अशी आपटली होती, की शेजारचे गिऱ्हाईक दचकून मागे सरकले.

मात्राबाई हे छापखान्यातले नाव. कायद्याची पुस्तके छापणाऱ्या एका छापखान्यात त्या एकतीस वर्षे प्रुफे तपासत होत्या आणि गळलेली एकही मात्रा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी ही शिडी थोरल्या भावाला घेऊन दिली होती. दादा घरे रंगवायचा. त्याची लाकडी शिडी डुगडुगायला लागली होती, म्हणून ही नवी. सहाव्या पायरीवर उभा राहून तो छताची कड रंगवत असताना पायरी धरून ठेवणारा रिव्हेट तुटला आणि तो उजव्या हातावर कोसळला. कोपर आणि मनगट, दोन्हींचा चुरा. डॉक्टरांनी सळ्या घातल्या. पण बोटे काही मिटेनात.

"काय बघायचं होतं मी? रिव्हेटच्या पोटात शिरायचं होतं?" मात्राबाई म्हणाल्या. "रंगाऱ्यासाठी हवीय, दिवसभर वर उभा असतो, हे सांगितलं होतं तुम्हाला. तुम्हीच म्हणालात, हत्ती चढवा."

"म्हणालो असेन. बोलायची पद्धत असते ती." दुकानदाराने बिल बोटाने त्यांच्याकडे सरकवले. "हे बघा. बिलावर नाव कुणाचं? तुमचं. पडलं कोण? तुमचे भाऊ. त्यांनी माझ्याकडून काही घेतलंय का? नाही. तुमचं काही मोडलंय का? नाही. मग भांडताय कशावरून?"

मात्राबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण हा युक्तिवाद त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. मालविक्रीच्या कायद्यांचा इतिहास सांगणाऱ्या एका जाडजूड पुस्तकाच्या सहा आवृत्त्या त्यांनी तपासल्या होत्या. पूर्वी बाजारात घोडा, धान्य, कापड डोळ्यांसमोर असे. घेणाऱ्याने घोड्याचे दात बघावेत, धान्य मुठीत धरून हुंगावे. फसला, तर त्याचे त्याने निस्तरावे. मग कारखाने आले, माल बंद खोक्यांतून यायला लागला आणि 'बघून घ्या' ही निव्वळ थट्टा झाली. तेव्हा कुठे कायदा हलला. कशासाठी हवे ते घेणाऱ्याने सांगितले असेल, तर माल त्या कामाला टिकलाच पाहिजे, असे ठरले. तरीही कितीतरी वर्षे दाद मिळायची ती फक्त विकत घेणाऱ्याला. वापरणारा जिवानिशी गेला, तरी तो परका. तेही पुढे बदलले. हे सगळे मात्राबाईंनी स्वल्पविरामांसकट वाचले होते.

"तुम्ही सांगताय तो कायदा कधीच मेला," त्या म्हणाल्या.

"मग जिवंत असेल तो घेऊन या," दुकानदार म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या तशाच दादाकडे गेल्या. तो डाव्या हाताने शर्टाची गुंडी लावायची खटपट करत होता.

"सोड गं," सगळे ऐकून तो म्हणाला. "माझाच पाय घसरला असेल."

"पाय घसरला, की पायरी निखळली?"

"आता काय फरक पडतो?"

"पडतो!" त्या अशा ओरडल्या की वहिनी हातातले काम टाकून बाहेर आली. "तू असा गप्प बसतोस ना, म्हणून त्यांचं फावतं. चाळीस वर्षं शिडीवर काढलीस. घसरलास कधी?"

दादा गुंडीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "शिडी तू दिली होतीस. तुला लागू नये मनाला, म्हणून म्हणतोय."

मात्राबाईंनी पुढे होऊन त्याची गुंडी लावली आणि तिथल्याच टेबलावर दुकानदार आणि शिडीची कंपनी, दोघांविरुद्ध तक्रारअर्ज लिहायला घेतला.

ग्राहक न्यायालयात शिडीच्या कंपनीचा वकील तेच जाडजूड पुस्तक घेऊन आला होता. त्याने खणखणीत आवाजात वाचले, "विकत घेणाऱ्याखेरीज इतर कोणालाही विक्रेत्याविरुद्ध दाद मागता येत नाही." आणि पुस्तक मिटले.

मात्राबाई उठल्या. "पुढचं वाक्य वाचा."

"बाई, मध्ये बोलू नका."

"पान दोनशे चौदा. पुढचं वाक्य आहे, 'हा नियम आता उरलेला नाही.' तिसऱ्या आवृत्तीत ते गळलं होतं. मीच घालायला लावलं. वाचा ना!"

अध्यक्षांनी हात पुढे करून पुस्तक मागून घेतले. पान उघडून त्यांनी दोन्ही वाक्ये वाचली. मग त्यांनी विचारले, "तुम्ही वकील आहात?"

"नाही. प्रुफं तपासते."

"छपाईतली एखादी चूक..." वकिलाने सुरुवात केली.

"चूक असती, तर मी खूण केली असती, साहेब," मात्राबाई म्हणाल्या. "लबाडीला आमच्याकडे खूण नाही."

अध्यक्षांनी दादाला हात दाखवायला सांगितले. त्याने तो खिशात लपवून ठेवला होता. डाव्या हाताने उजवा हात उचलून त्याने टेबलावर ठेवला आणि नजर दुसरीकडे वळवली.

निकाल त्यांच्या बाजूने लागला. कंपनी वरच्या कोर्टात गेली. तीन वर्षांनी तिथेही हरली. भरपाई मिळाली, तसल्या शिड्या बाजारातून उठल्या. दुकानदार मात्राबाईंना बघून आता उठून उभा राहायचा. दादा मात्र पुन्हा वर चढला नाही. तो एका इमारतीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसू लागला. येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवायला दुसरा माणूस होता, कारण दादाला आता लिहिता येत नव्हते.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर पुस्तकाच्या सातव्या आवृत्तीची प्रुफे आली. पान दोनशे चौदाच्या तळाशी बारीक टायपात एक नवी टीप होती. विकत घेणाऱ्या स्त्रीच्या भावालाही दाद मागण्याचा हक्क आहे, असे कोर्टाने ठरवले. शिडीची पायरी निखळून सदर इसमाचा डावा हात कायमचा निकामी झाला होता.

मात्राबाईंनी टीप दोनदा वाचली. वरच्या जुन्या टिपाही वाचल्या. कुणाचा डोळा, कुणाचा पाय, कुणाचे मूल. त्या सगळ्या त्यांनी सहा वेळा तपासल्या होत्या.

मग त्यांनी लाल पेनाने 'डावा' खोडला आणि समासात 'उजवा' लिहिले. पेन इतके दाबले गेले, की कागद फाटून शब्द खालच्या पानावर उमटला.